त्रिग्लाव्ह शिखर आणि क्रेदारित्साचा मुक्काम : नाशिकच्या डोंगरवेड्यांसाठी

आधी निकाल सांगते, कारणं मागून येतील. स्लोव्हेनियातलं त्रिग्लाव्ह हे शिखर सह्याद्रीत नियमाने हिंडणाऱ्या माणसाला जमण्यासारखं आहे. पण ते नीट, सुरक्षित आणि मन भरेल असं करायचं असेल, तर शिखराच्या खाली २,५१५ मीटरवर असलेल्या क्रेदारित्सा हटमध्ये, म्हणजे डोंगरातल्या मुक्कामाच्या घरात, एक रात्र काढायलाच हवी. तिथे आंघोळ नाही, नळाला पिण्याचं पाणी नाही, स्वतंत्र खोलीची खात्री नाही. तरीही माझ्या मते या चढाईवर खर्च होणाऱ्या पैशांतला सगळ्यात सार्थकी लागणारा पैसा याच मुक्कामाचा.

मी नाशिकरोडला राहते आणि शाळेत भूगोल शिकवते. सुट्टीचा दिवस म्हणजे अंजनेरी, हरिहर, धोडप, नाहीतर कळसूबाई. धाकटी नणंद म्युनिकला असते. ती आणि तिच्या मैत्रिणी आल्प्समध्ये फिरतात, आणि दर दिवाळीला फोनवर ठरलेलं वाक्य असतं, "वहिनी, तुम्ही एकदा याच." शेवटी योग आला आणि आम्ही दोघी स्थानिक गाईड घेऊन सप्टेंबरच्या मध्यावर त्रिग्लाव्हला गेलो. म्युनिकहून तिच्या गाडीने ऑस्ट्रिया ओलांडून स्लोव्हेनिया. रस्त्याचं वर्णन करत बसत नाही, डोंगराबद्दल सांगण्यासारखं भरपूर आहे.

त्रिग्लाव्ह २,८६४ मीटर. ज्युलियन आल्प्समधलं आणि स्लोव्हेनियातलं सर्वांत उंच शिखर. त्याच्याभोवती त्याच्याच नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे, देशातलं एकमेव. सात सरोवरांच्या खोऱ्यात १९२४ मध्ये संरक्षित क्षेत्र म्हणून सुरुवात झाली, १९८१ मध्ये आजचा विस्तार झाला, आणि आता ते साधारण ८४० चौरस किलोमीटरचं आहे. देशाच्या झेंड्यावर हे शिखर आहे. तिथल्या ५० सेंटच्या नाण्यावरही आहे. हटमध्ये सूपचे पैसे देताना ते नाणं हातात आलं आणि समोरच्या खिडकीत तोच डोंगर. मी ते नाणं खर्च केलं नाही, वर्गात दाखवायला आणलं.

आता उंचीबद्दल. कळसूबाई १,६४६ मीटर, त्रिग्लाव्ह २,८६४. आकडा ऐकून लोक विचारतात की विरळ हवेचा त्रास होतो का. या उंचीवर निरोगी माणसाला सहसा फारसं काही होत नाही, चालताना दम थोडा लवकर लागतो इतकंच. त्रिग्लाव्हची खरी परीक्षा उंचीची नाही, ती शेवटच्या धारेची आहे. क्रेदारित्साहून पुढे छोटा त्रिग्लाव्ह या अलीकडच्या उपशिखरावरून मुख्य माथ्याकडे जाणारी धार अरुंद आहे आणि दोन्ही बाजूंना दरी. हरिहरच्या पायऱ्या चढताना पाठीमागे जी पोकळी जाणवते, ती इथे डावीकडे, उजवीकडे आणि खाली अशी तिन्हीकडून जाणवते. हरिहरला खोबण्यांत बोटं घालून जो शांतपणे चढतो आणि उतरताना ज्याचे पाय थरथरत नाहीत, त्याला ही धार जमेल. हरिहर उतरताना ज्याला खाली बसून सरकावं लागतं, त्याने आधी इथेच आणखी सराव करावा. हे मी कोणाला नाउमेद करायला लिहीत नाही. डोंगर कुठे जात नाही.

आम्ही पोक्ल्युकाच्या पठारावरच्या रुदनो पोल्ये इथून निघालो. उंची १,३४७ मीटर, म्हणजे गाडी तुम्हाला बरंच वर सोडते. व्राता नावाच्या खोऱ्यातून उत्तरेकडून येणाऱ्या वाटा अधिक खड्या आहेत, आणि तिथे खडकात ठोकलेल्या पोलादी तारा धरून चढावं लागतं. पहिल्यांदा जाणाऱ्याने पोक्ल्युकाचीच वाट घ्यावी. सुरुवातीला स्प्रूसचं दाट जंगल, मग गुडघ्या-कमरेएवढे खुरटे पाईन, मग नुसतं गवत आणि दगड. स्तुदोर खिंड ओलांडली की तोश्च डोंगराच्या अंगावरून लांबलचक आडवी वाट आहे. तिथे एक-दोन जागी खडकात तार ठोकलेली आहे. पुढे वोदनिकोव्ह दोम ही १,८१७ मीटरवरची हट लागते, चहाला थांबायला उत्तम. तिथून कोन्यस्की खिंड, आणि मग क्रेदारित्सापर्यंतचा शेवटचा चढ. तो घसाऱ्याचा आहे आणि दमवतो. निवांत चालीने, थांबत थांबत, सहा तास धरून चला.

या सगळ्या वाटेवर एक खूण सोबत करते. खडकावर रंगवलेला पांढरा ठिपका आणि त्याभोवती लाल कडं. अलोइझ क्नाफेल्त्स यांनी १९२२ मध्ये ही खूण ठरवली आणि आज देशभरात जवळपास दहा हजार किलोमीटर वाटांवर तीच एक खूण आहे. ती रंगवायला, उजळवायला, पडलेलं झाड बाजूला करायला डोंगरसंस्थांचे स्वयंसेवक येतात. एक खूण मागे पडली की पुढची दिसायला लागतेच, आणि दिसली नाही तर आपण चुकतोय हे पन्नास पावलांत कळतं. आपल्याकडे अलंग-मदन-कुलंगच्या जंगलात एकाच झाडावर तीन ग्रुपचे तीन रंगांचे बाण असतात आणि त्यातला एक भलतीकडे नेतो. नाशिकमध्ये इतके ट्रेकिंग ग्रुप आहेत. सगळ्यांनी बसून एक खूण, एक रंग ठरवला आणि प्रत्येक ग्रुपने एकेक किल्ला वाटून घेतला, तर याला सरकारी निधीचीही वाट बघावी लागणार नाही. मला हे अगदी मनापासून वाटतं.

खडकाबद्दल थोडं सविस्तर लिहिते. आपला सह्याद्री बसाल्टचा. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचले, म्हणून आपल्या किल्ल्यांना टप्पे, माच्या आणि सरळसोट कडे आहेत. त्रिग्लाव्ह चुनखडीचा आहे, वीस कोटी वर्षांहून जुना, आणि हे सगळं एके काळी उथळ समुद्राच्या तळाशी होतं. पुस्तकात हे शिकवणं वेगळं आणि त्यावर हात ठेवणं वेगळं. कोरड्या बसाल्टवर तळवा सपाट बसतो. या चुनखडीवर पावसाच्या पाण्याने बारीक धारदार पन्हळी कोरलेल्या असतात आणि खडक किसणीसारखा बोटांना लागतो. पकड फार छान मिळते, पण दोन तासांत बोटांची टोकं लाल होतात. म्हणून पातळ हातमोजे न्याच. उलट वर्षानुवर्षं जिथे हजारो बूट पडलेत, तिथे हाच खडक झिजून काचेसारखा गुळगुळीत झालाय, आणि पाऊस पडला की तिथे पाय ठरत नाही. कोणत्या जागी पाय ठेवायचा हे रंगावरून ओळखता येतं. करडा आणि खरखरीत असेल तर ठेवा, पिवळसर आणि चमकता असेल तर दुसरी जागा बघा. गाईडने पहिल्याच तारेपाशी हे दाखवलं आणि दिवसभर कामी आलं.

याच चुनखडीमुळे हटमध्ये पाणी नाही. पाऊस पडतो, बर्फ वितळतो, आणि सगळं पाणी खडकाच्या भेगांतून थेट पोटात जातं. वर ना झरा, ना ओढा. आपल्याकडे किल्ल्यावर टाकं असतं, कातळात खोदलेलं, कारण बसाल्ट पाणी धरतो. इथे खडक धरतच नाही. हट छपरावरचं पावसाचं पाणी साठवते आणि ते जपून वापरते. पिण्यासाठी बाटली विकत घ्यायची, आणि ती खालच्या दुकानापेक्षा कितीतरी महाग. अनेक परक्या पाहुण्यांना याचा राग येतो. इथपर्यंत गाडीरस्ता नाही, दोन-अडीच हजार मीटरवर प्रत्येक लिटर कुठून तरी उचलून आणावा लागतो, हे लक्षात घेतलं की किंमत पटते. मी वोदनिकोव्ह दोमला बाटल्या भरून घेतल्या होत्या आणि वर चहा घेत राहिले. दात घासायला अर्धा पेला पाणी पुरतं, हे माहुलीच्या किंवा साल्हेरच्या मुक्कामात आपण सगळेच शिकलेलो असतो.

आता प्रत्यक्ष हट. दारातून आत शिरलं की पहिलं काम बूट काढायचं. बुटांची वेगळी जागा आहे, आत स्लिपर. काठ्या, हेल्मेट, दोर सगळं ठरलेल्या ठिकाणी ठेवायचं. मग जेवणघर. लाकडी बाकं, लांब टेबलं, बाहेर वारा आणि आत ओल्या लोकरीचा आणि सूपचा वास. झोपायला सामायिक दालनं, एकमेकांना लागून गाद्या. काही खाटांच्या छोट्या खोल्याही असतात, पण त्या लवकर भरतात. उशी, ब्लँकेट मिळतं. स्वतःची झोपायची चादर, म्हणजे पिशवीसारखी शिवलेली पातळ चादर, आपण न्यायची. मी जुन्या सुती साडीची शिवून नेली. ती एका आमरसाच्या पातेल्याएवढीही जागा घेत नाही आणि वजन तर नाहीच. नंतर नणंदेच्या मैत्रिणींनी त्या चादरीचा फोटो काढून ठेवला. रात्री दहाला दिवे जातात आणि खरोखर शांतता होते. घोरणारे असतातच, कानात घालायचे बोळे न्या. फोन चार्ज करायची सोय बेभरवशाची धरा, पॉवर बँक जवळ ठेवा. कचरा आपला आपण खाली न्यायचा, टॉफीच्या कागदासकट.

एवढे नियम, आणि तरी मला तिथे पाहुणी आल्यासारखं वाटलं. काउंटरवरच्या मुलीने पहिला प्रश्न विचारला तो "उद्या कुठली वाट?" हा. तिने वहीत लिहून घेतलं. म्हणजे आम्ही परतलो नाही तर कुठे शोधायचं हे कोणाला तरी माहीत होतं. आपल्याकडे कळसूबाईच्या पायथ्याच्या बारी गावात ज्या मावशी पिठलं-भाकरी वाढताना "कितीजण वर गेलात, सगळे उतरलात ना?" असं विचारतात, त्याच काळजीची ही लिहून ठेवलेली आवृत्ती. चांगली हट ओळखायची खूण मला हीच वाटते. गादी किती जाड आहे याला मी दुसरा नंबर देईन.

जेवणाचं शाकाहारी मंडळींसाठी नीट सांगते. तिथला नेहमीचा पदार्थ रिचेत, म्हणजे जव आणि घेवड्याचं दाट कढण. दुसरा योता, आंबवलेल्या कोबीचं आणि घेवड्याचं सूप. दोन्हींत बऱ्याचदा मांस असतं. आधी विचारायचं, "ब्रेज मेसा?" म्हणजे मांसाशिवाय. मिळालं तर रिचेत घ्या. दिवसभर चालून आल्यावर तो वाडगा पोटाला जो आधार देतो त्याला तोड नाही. श्त्रुक्ली हा चक्का भरून गुंडाळलेला, उकडलेला पिठाचा पदार्थ मिळाला तर तोही घ्या, गोड आणि तिखटमिठाचा अशा दोन्ही प्रकारांत करतात. मिरचीची सवय असलेल्यांनी शेंगदाण्याची चटणी पुडीत न्यावी. मी नेली होती आणि गाईडने पावावर लावून दोनदा मागून घेतली. वाटेत खायला आपले नाशिकचे मनुके आणि शेंगदाण्याची चिक्की, यापेक्षा चांगलं काही मला सापडलं नाही.

संध्याकाळी बाहेर उभं राहायला विसरू नका. हटशेजारी छोटं चर्च आहे आणि हवामान केंद्र आहे, जिथे १९५४ पासून नोंदी घेतात. २००१ च्या एप्रिलमध्ये इथे ७ मीटर बर्फ मोजलं गेलं. मी ज्या पायरीवर उभी होते तिच्यावर दोन मजली घराएवढं बर्फ, असा हिशोब मी मनातल्या मनात केला. खाली उत्तरेच्या अंगाला त्रिग्लाव्हची हिमनदी होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती चाळीस हेक्टरांहून मोठी होती. आज तिथे मळकट बर्फाचे तुकडे उरलेत. हिमनदी मागे हटते हे वाक्य मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. तिथे बराच वेळ उभी राहिले आणि फार वाईट वाटलं. पिवळ्या चोचीचे डोंगरकावळे मात्र पायाशी येऊन पावाचा चुरा शोधत होते. त्यांना खायला घालू नका, उद्यानाचा आग्रह असतो आणि तो बरोबर आहे.

क्रेदारित्साला राहायचं मुख्य कारण सकाळ. उन्हाळ्यात आल्प्समध्ये दुपारनंतर ढग जमतात आणि वीज पडते. शेवटच्या धारेवर पोलादी तार आहे आणि माथ्यावर पत्र्याचा मनोरा. वीज चमकायला लागल्यावर ही जगातली सगळ्यात वाईट जागा. जे लोक एका दिवसात खालून वर आणि परत खाली असा बेत करतात, ते नेमके दुपारी धारेवर असतात. हटमध्ये झोपलेला माणूस फटफटताना निघतो, तासा-दीड तासात माथ्यावर पोचतो आणि गर्दी वर यायला लागते तेव्हा उतरलेला असतो. आम्ही निघालो तेव्हा हेडलॅम्प लागत होता, पहिल्या तारेपाशी विझवला.

अशा तारांच्या वाटेला व्हाया फेराटा म्हणतात. तिचा संच ज्यांनी वापरला नाही त्यांच्यासाठी सांगते. कमरेला हार्नेस, त्याला दोन हात असलेला पट्टा, प्रत्येक हाताच्या टोकाला कॅराबिनर, म्हणजे आपोआप मिटणाऱ्या तोंडाची धातूची कडी. दोन्ही कॅराबिनर तारेत अडकवायचे. तार दर काही मीटरवर खडकात ठोकलेल्या खुंटीला बांधलेली असते. खुंटी आली की एक कॅराबिनर काढून खुंटीच्या पलीकडे लावायचा, तो बसल्याचा आवाज ऐकायचा, मगच दुसरा. दोन्ही एकदम कधीच काढायचे नाहीत. पट्ट्याच्या मुळाशी शिवलेली एक पिशवी असते. माणूस पडला तर तिच्यातली शिवण टराटरा उसवत जाते आणि झटका शोषून घेते. नव्या मानकाप्रमाणे हे संच ४० ते १२० किलो वजनाच्या माणसासाठी असतात. त्याहून हलक्या मुलांना वेगळा दोर लावावा लागतो, हे मुलं घेऊन जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा. बरेच सराईत स्थानिक लोक संचाशिवाय भराभर वर जाताना दिसतील. त्यांच्याकडे बघू नका. ते लहानपणापासून तिथे आहेत.

नणंद मागे होती. ती सारखी सांगत होती, "वहिनी, आधी क्लिप, मग पाय." गाईड पुढे. त्याची चाल इतकी हळू की सुरुवातीला मला वाटलं आपण थांबलोय की काय. पण त्या चालीने एकदाही धाप लागली नाही आणि एकदाही घाईने पाय टाकावा लागला नाही. गाईडच्या फीबद्दल लोक विचारतात, वाट इतकी खुणांची आहे तर कशाला? दोन गोष्टींसाठी. एक ही चाल. दुसरी, वरून उतरणाऱ्या लोकांना कुठे थांबून वाट द्यायची हा निर्णय. एकाच तारेवर चढणारे आणि उतरणारे समोरासमोर येतात, आणि खरी भीती तिथे असते. आमच्या गाईडने प्रत्येक वेळी चार पावलं आधीच रुंद जागा बघून आम्हाला उभं केलं, खडकाकडे तोंड करून. छोट्या त्रिग्लाव्हनंतरच्या अरुंद भागात त्याने आमच्यात आखूड दोर लावला. तो दोर कमरेला असताना मी पहिल्यांदा दरीकडे निवांत पाहिलं. पलीकडे ढगांचा सपाट थर, त्यातून शेकडो माथे वर आलेले, आणि उजवीकडे ऊन हळूहळू खाली उतरत होतं.

माथ्यावर अल्याझचा मनोरा आहे. पत्र्याचा, गोल, टोपी घातल्यासारख्या छताचा, चार-पाच माणसं दाटीवाटीने आत मावतील एवढा. याकोब अल्याझ हे खालच्या दोव्ये गावचे धर्मगुरू. त्या काळी डोंगरातल्या हट आणि पाट्या जर्मनभाषक संस्थांच्या ताब्यात जात होत्या. अल्याझांनी माथ्यावरची जमीन विकत घेतली आणि ऑगस्ट १८९५ मध्ये हा मनोरा उभा केला. दुसऱ्या वर्षी, १८९६ मध्ये, त्यांच्याच पुढाकाराने क्रेदारित्साची पहिली हट झाली. म्हणजे शिखर आपलं आहे असं म्हणून ते थांबले नाहीत, माणसं तिथे पोचावीत म्हणून खाली घरही बांधलं. मला त्या मनोऱ्यापेक्षा या दुसऱ्या गोष्टीचं मोल जास्त वाटतं.

या शिखरावर पहिली चढाई २६ ऑगस्ट १७७८ ची, आल्प्समधल्या सर्वांत उंच माँ ब्लाँच्या पहिल्या चढाईच्या आठ वर्षं आधीची. सिगमुंड झोइस या तिथल्या धनिक सरदाराच्या प्रोत्साहनाने बोहिनच्या परिसरातले चौघे वर गेले, त्यात एक शल्यवैद्य होता, बाकीचे डोंगर पायाखालचा असलेले. बोहिन सरोवराच्या काठी रिबचेव्ह लाझ इथे त्या चौघांचा पुतळा आहे. परत येताना आवर्जून बघा. पहिल्यांदा माथ्यावर येणाऱ्याला दोराचे फटके मारायची तिथली जुनी रीत आहे. गाईडने आम्हा दोघींना अगदी हलके फटके दिले, आजूबाजूच्या अनोळखी माणसांनी टाळ्या वाजवल्या, कोणीतरी चॉकलेट पुढे केलं. मी चिक्की वाटली.

एक तक्रार आहे आणि ती महत्त्वाची आहे. हार्नेस आणि फेराटाचा संच आम्ही खाली खोऱ्यातल्या एका दुकानातून भाड्याने घेतला होता. माझ्या संचातल्या एका कॅराबिनरचं तोंड सोडल्यावर पूर्ण मिटत नव्हतं, किंचित फट राहायची. गाईडने निघण्याआधी प्रत्येक कॅराबिनर दहादा उघडून-मिटवून बघितला म्हणून ते सापडलं, आणि त्याने गाडीतून स्वतःचा दुसरा संच काढून दिला. दुकानात परत दिला तेव्हा "वापर जास्त आहे ना" एवढंच उत्तर मिळालं. ते मला मान्य नाही. जीव टांगायच्या वस्तूला वापर जास्त असेल तर ती बदलायची असते. तुम्ही भाड्याने घ्याल तर काउंटरवरच तपासा. तोंड स्वतःहून, जोरात मिटलं पाहिजे. पट्ट्यावर धागे सुटलेले नकोत. झटका शोषणारी पिशवी बंद आणि न उसवलेली हवी. हेल्मेटला तडा नको. दुकानदार वैतागला तरी चालेल.

उतरताना आम्ही छोट्या त्रिग्लाव्हवरून प्लानिका हटकडे वळलो. ती २,४०१ मीटरवर आहे, दक्षिणेच्या अंगाला. ऊन जास्त, वारा कमी, आणि तुलनेने लहान. क्रेदारित्सा भरली असेल तर प्लानिका हा चांगला पर्याय आहे, तिथूनही माथा तेवढाच जवळ. ऑगस्टच्या शनिवार-रविवारी मात्र दोन्हीकडे प्रचंड गर्दी असते. सप्टेंबरचा मध्य, आठवड्यातला मधला दिवस, ही माझी शिफारस. जूनअखेरीस आणि कधीकधी जुलैच्या सुरुवातीलाही तारांवर बर्फ असतं, तेव्हा बर्फकुऱ्हाड आणि क्रॅम्पॉनशिवाय (बुटाखाली बांधायचे लोखंडी काटे) जाऊच नये. दिवाळीच्या सुट्टीत जाऊ म्हणाल तर बहुतेक हट बंद झालेल्या असतात.

नाशिकमध्ये तयारी कशी करावी? पांडवलेणीच्या पायऱ्या रोज पहाटे, पाठीवर सात-आठ किलो घेऊन. आठवड्याला एकदा अंजनेरी, थेट वरच्या पठारापर्यंत. मग हरिहर, गर्दी नसलेल्या दिवशी, हेल्मेट घालून. शेवटी अलंग-मदन जाणकार ग्रुपबरोबर, म्हणजे हार्नेस आणि दोराची सवय होते. सप्टेंबरात निघायचं असेल तर हा सराव पाऊस सुरू होण्याआधीच संपवावा लागतो, कारण ओल्या पावठ्यांवर हरिहरचा सराव धोक्याचा. बुटांबद्दल एकच सांगते. आपल्याकडे मऊ रबरी तळव्याच्या बुटांनी सगळं होतं. त्या घसाऱ्यावर मात्र घोट्याला आधार देणारा, ताठ तळव्याचा बूट लागतो. तो नाशिकच्या डोंगरात दोन-तीन महिने घालून मुरवा, नवा कोरा नेऊ नका.

कागदपत्रांत शेंगेन व्हिसा आणि त्याला लागणारा किमान ३०,००० युरोंचा विमा असतोच. पण साध्या प्रवासविम्यात डोंगरावरच्या चढाईला आणि हेलिकॉप्टरने सुटकेला बरेचदा वगळलेलं असतं. ती अट वाचून वेगळं कलम घ्या. आणीबाणीचा नंबर ११२. ओळखीत कोणी जर्मन किंवा ऑस्ट्रियन अल्पाइन क्लबचं सदस्य असेल, किंवा तुम्ही स्वतः सदस्य झालात, तर परस्पर कराराने हटच्या मुक्कामात सवलत मिळते. नणंदेचं कार्ड होतं, तिला मुक्काम बराच स्वस्त पडला. रोख युरो जवळ ठेवा. तंबू ठोकायचा विचार करू नका, उद्यानात परवानगी नाही. ड्रोनही घरी ठेवा.

ज्यांना उंचीची भीती आहे, गुडघे दुखतात, किंवा सोबत लहान मुलं आहेत, त्यांनी माथ्याचा हट्ट न धरता वोदनिकोव्ह दोमपर्यंत जावं आणि तिथे राहावं. मार्मोट (मोठ्या खारीसारखा बिळात राहणारा प्राणी) दिसतात, शॅमॉय (डोंगरी बकऱ्यासारखा प्राणी) दिसतात, वाट बहुतेक सोपी आहे, फक्त तोश्चच्या तारेपाशी मुलांचा हात धरा. हट आधी ईमेलवर राखून ठेवा, त्यात किती जण, कोणती वाट आणि शाकाहारी आहात हे लिहा. हवामान बिघडलं तर कळवून तारीख बदला. न कळवता गैरहजर राहू नका, कारण तुम्ही येणार म्हणून कळवलेलं असताना पोचला नाहीत तर वरची माणसं काळजीत पडतात.